घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचंय : बजेट ४० हजार, ओट्यावर जागा दीड हात

दुधावरची_साय
नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे राहते. नवरा घरून काम करतो, मी आठवड्यातून तीन दिवस ऐरोलीला जाते. कॉफीचं वेड दोघांनाही कॅफेत बसून लागलं आणि गेल्या महिन्याचं बिल बघून जरा उतरलं. आकडा लिहीत नाही, साबा (सासूबाई) हे संस्थळ वाचतात.

तर घरीच एस्प्रेसो मशीन घ्यावं असं चाललंय. बजेट ४०. मिक्सर आणि वॉटर प्युरिफायरच्या मधे दीड हात जागा आहे, वर लगेच कपाट. सकाळी दोन कॅपुचिनो, रविवारी कुणी आलं तर चार-पाच. साबांची कॉफी म्हणजे दूध-साखर-जायफळ घालून उकळलेली. त्यांना आमच्या यंत्रात काडीचाही रस नाही असं त्यांनी तीनदा सांगितलंय, म्हणजे आहे.

प्रश्न : एका मशीनवर १५ बार (दाबाचं माप) लिहिलंय, दुसऱ्यावर २०. किंमत जवळपास तीच. मग २० वालंच घ्यावं ना? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

पाचपाखाडी
वाचतोय. माझाही हाच प्रश्न.

खारघरचा_खडूस
खोक्यावरचा बारचा आकडा वाचायचाच नाही. पंप जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो, एवढंच तो सांगतो. कॉफीवर दाब हवा साधारण ९ बार. बऱ्या मशीनमध्ये वरचा दाब सोडून द्यायला झडप असते. उद्या कुणी ३० बार लिहिलं तरी कपात काही फरक पडणार नाही.

रच्याकने (जाता जाता), ९ च्या मागे गंमत आहे. मिलानच्या लुइजी बेत्झेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलं ते यंत्र नुसत्या वाफेवर चालायचं. दाब जेमतेम दीड बार, आणि पाणी इतकं कढत की कॉफी करपट व्हायची. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गॅजियाने स्प्रिंगचा दांडा आणला. माणूस दांडा खाली ओढणार, स्प्रिंग आवळली जाणार आणि सुटताना पाणी कॉफीतून रेटणार. दाब आठ-नऊच्या घरात गेला आणि कॉफीवर पहिल्यांदा तो तपकिरी फेस आला, ज्याला आज आपण क्रेमा म्हणतो. मग १९६१ मध्ये फाएमा कंपनीने पंपवालं ई६१ काढलं. नावातला ६१ त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून आहे. पंप आला तरी त्याला काम दांड्याइतक्याच दाबाचं दिलं.

आता माझा प्रश्न. ग्राइंडर कुठला आहे?

दुधावरची_साय
ग्राइंडर? मिक्सरचं चटणीचं भांडं आहे ना.

खारघरचा_खडूस
ताई, हलके घ्या, पण बसून घ्या.

मिक्सरचं पातं बिया दळत नाही, फोडतं. अर्ध्याचं पीठ होतं, अर्ध्याची भरड राहते. पाण्याला ९ बारने ढकललं की ते सोपी वाट शोधतं. भरडीतून सुसाट जातं, पिठापाशी अडतं. त्यामुळे एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही लागतं, आणि शिव्या मशीनला बसतात.

एस्प्रेसोचा ढोबळ हिशेब असा : १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम कॉफी. पंधरा सेकंदांत भसकन आली तर दळण बारीक करायचं. थेंब थेंब रडत आली तर किंचित जाड. हे 'किंचित' करता येईल असा ग्राइंडर हवा. भाकरीचं पीठ गिरणीवाल्याला सांगून दळून आणतो ना आपण? चकलीची भाजणी त्या दळणात होईल का?

तुमच्या ४० मधले १० आधी बाजूला काढा. हातानं फिरवायचा चांगला ग्राइंडर येतो. स्टीलच्या दातांचा घ्या, क्लिक-क्लिक करत सेटिंग बदलणारा, आणि खास 'एस्प्रेसोला चालतो' असं लिहिलेला. नुसत्या फिल्टर कॉफीसाठी बनवलेल्या ग्राइंडरची एक क्लिक फार मोठी असते. एकीवर कॉफी पळते, पुढचीवर तुंबते, आणि मधे काहीच नसतं.

दुधावरची_साय
पण मग दुकानात एका मशीनवर तयार पुडीची कॉफी करून दाखवली, तिला हा एवढा फेस आला होता. ते कसं?

खारघरचा_खडूस
दुहेरी तळाची जाळी, म्हणजे ज्यात पूड भरतात ती वाटी. आतल्या तळाला नेहमीसारखी भोकं आणि बाहेरच्या तळाला सुईएवढं एकच. दाब त्या भोकापाशी तयार होतो, कॉफीमुळे नाही. कसलीही पूड घाला, फेस येणारच. वाईट असतं असं म्हणत नाही, ज्याला दळायची दगदग नको त्याला तेच बरं. पण मशीन घेताना विचारा की एकेरी तळाची जाळी सोबत आहे का, किंवा वेगळी मिळते का. नाहीतर पुढे ग्राइंडर घेऊनही फरक कळणार नाही.

फिल्टरकापी
चेंबूरमध्ये वाढलो, आता सीवूड्सला आहे. चारशे रुपयांचा पितळी फिल्टर, चिकोरी घातलेली पूड, रात्री पाणी ओतून झोपायचं, सकाळी डिकॉक्शन तयार. वीज नाही, आवाज नाही, सर्व्हिस सेंटर नाही. इतकी वर्षं झाली, एकही पार्ट बदललेला नाही. एवढंच सांगायचं होतं. चालू द्या.

मोकामावशी
फिल्टरकापी, +१. पण ताईंना दुधात मुरूनही ठसका राहील अशी कॉफी हवीय. मोका पॉट (शेगडीवर ठेवायचं कॉफीचं भांडं) घेऊन बघा आधी. १९३३ मध्ये निघालं, आणि इटलीतल्या घराघरात तेच आहे. दाब एक-दीड बार, म्हणजे एस्प्रेसो नव्हे, पण दुधाबरोबर झकास.

अनुभवाचे दोन बोल. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर चालत नाही, त्याला स्टीलचा घ्या. आणि तीन कपवाला छोटा पॉट आपल्या शेगडीच्या जाळीवर टिकत नाही, कलंडतो. मी पापड भाजायची जाळी ठेवते खाली. खालच्या भांड्यात पाणी झडपेच्या खालीच भरा आणि पूड दाबू नका.

तारतम्य
कुणी विजेचं बोललं नाही म्हणून लिहितो. यातली बरीच मशीनं १४००-१५०० वॅटची असतात. २३० व्होल्टला १४५० वॅट म्हणजे ६.३ अँपिअर. ओट्यावरचे मिक्सरचे पॉइंट ६ अँपिअरचे असतात. बिल्डर १६ चे दोनच देतो : एक फ्रिजमागे, एक ओव्हनसाठी. आधी ते बघा. पिन १६ ची आली म्हणून बाजारातून ॲडाप्टर आणून ६ च्या सॉकेटमध्ये खोचू नका. सॉकेट वितळलेला मी काढलाय. आमच्याच घरातला.

दुसरं, अमेरिकेतल्या भावाकडून मशीन मागवू नका. स्वस्त पडतं, मी मागवलंय. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. लॅमिंग्टन रोडवरून २ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर आणला. मशीनपेक्षा तोच जड, ओट्याखाली ठेवलाय आणि सारखा गुणगुणत असतो. शिवाय ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. या मशीनमधले छोटे पंप विजेच्या ठेक्यावरच थरथरतात. ६० वर थरथरायला बनवलेला पंप ५० वर चालवला तर तो त्याचा पंप राहत नाही. वॉरंटी अर्थातच तिकडेच राहिली.

पाचपाखाडी
म्हणजे मावसभावाला केलेला मेसेज डिलीट करतो.

मी तोवर खर्चाचा हिशेब केला. डबल शॉटला, म्हणजे एका कपापुरत्या एस्प्रेसोला, १८ ग्रॅम. पाव किलोच्या पाकिटात तेरा-चौदा शॉट. दिवसाला दोन म्हणजे पाकीट आठवड्यात संपलं. महिन्याला चार पाकिटं आणि वर थोडी. मी पाकीट ५५० ला घेतो, म्हणजे २,२०० ते २,४०० फक्त बिया. दूध वेगळं. आणि सुरुवातीला दळण जमेपर्यंत अर्धं पाकीट सिंकमध्ये जाणार ते वेगळं. तरी कॅफेपेक्षा स्वस्त, पण 'मशीनचे पैसे चार महिन्यांत वसूल' असं बायकोला सांगितलंय ते आता खोडून काढावं लागेल.

खारघरचा_खडूस
हिशेब बरोबर. बियांबद्दल : पाकिटावर 'रोस्टेड ऑन' तारीख नसेल तर ठेवून द्या. ताजा भाजलेला माल लगेच वापरायचा नाही, आतला वायू निघायला आठ-दहा दिवस द्यायचे, मग महिन्याभरात संपवायचा. चिकमगळूर, कूर्गच्या बिया आता कुठूनही घरपोच येतात. दुधात पिणार असाल तर मध्यम ते गडद भाजलेल्या घ्या. थोडा रोबस्टा (कॉफीच्या बियांची एक जात) असला तर फेस दाट येतो, आणि यात नाक मुरडण्यासारखं काही नाही, इटलीतलेही घालतात.

नेरुळ_नाना
पाणी! मशीन मरतं ते पाण्याने. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी, मवाळ, त्यामुळे त्रास कमी. तुमच्या घोडबंदरला निम्म्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर. टँकरचं किंवा बोअरचं पाणी जड असलं की बॉयलरच्या आतून गीझरच्या कॉइलसारखा पांढरा थर चढतो.

मग लोक आरओचं घालतात. तेही नुसतं घालू नका. फार क्षार काढलेल्या पाण्यात कॉफी मिळमिळीत लागते. आणि काही मशीनना टाकीत पाणी आहे हे पाण्यातल्या क्षारांमुळेच कळतं. पाण्यात काहीच नसेल तर मशीन म्हणतं टाकी रिकामी आहे. मी आरओ आणि नुसतं गाळलेलं नळाचं पाणी मिसळतो, टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १०० ते १५० ठेवतो. मीटर दोनेकशे रुपयांना मिळतो. आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्याने मशीन आतून धुवायचं. आधी माहितीपुस्तिका वाचा, काही बॉयलर ॲल्युमिनियमचे असतात, त्यांना कंपनी सांगेल तेच घाला. व्हिनेगर नको, वास जात नाही.

दुधावरची_साय
नाना, आमच्याकडे टँकरच. मार्च लागला की. 🙏

बरं, मला आता मशीन सोडून सगळं कळलंय. मशीन सांगा ना कुणीतरी.

खारघरचा_खडूस
सांगतो. तुम्हाला दूध हवंय, सकाळी घाई आहे, जागा कमी आहे. म्हणून या क्रमाने विचार केला.

हाताने दाबायचे लिव्हर, फ्लेअर वगैरे. कॉफी यातून उत्तम येते, दाब तुमच्या हातात. पण पाणी वेगळं उकळा, प्रत्येक कपाला सगळं सुटं करून धुवा, आणि वाफेची नळी नाही, म्हणजे दुधाचं वेगळं बघा. एकटा माणूस, काळी कॉफी, सकाळी वेळ : त्याला हे. तुम्हाला नको.

गॅजिया क्लासिक. १९९१ पासून आहे, कॅफेत असतो तसा ५८ मिलिमीटरचा दांडा (पूड भरून मशीनला अडकवायचा तो), नटबोल्ट उघडून घरी दुरुस्त करता येण्यासारखं. पण बॉयलर एकच. कॉफी काढली की बटण दाबून तो वाफेपर्यंत तापायची वाट बघायची, परत कॉफी काढायची तर थंड करायचा. शिवाय सकाळी नीट तापायला १५-२० मिनिटं. खुळ असेल तर यासारखं मशीन नाही. तुम्हाला आहे का खुळ, ते मला माहीत नाही.

थर्मोब्लॉकची छोटी मशीनं. यात टाकीभर पाणी तापवत नाहीत, जाता जाता तापवतात. डेलॉन्गीचं डेडिका फक्त १५ सेंटिमीटर रुंद, तुमच्या ओट्यावर सुखाने बसेल, पण जाळी दुहेरी तळाची येते आणि दांडा ५१ चा, त्याला एकेरी जाळी वेगळी शोधावी लागते. ब्रेव्हिलचं बॅम्बिनो तीन सेकंदांत तापतं, वाफही लगेच, दांडा ५४ चा. माझ्याकडे तेच आहे, एकेरी जाळी टाकून वापरतो. हलकं आहे, दांडा आवळताना एका हाताने मशीन धरावं लागतं, एवढंच.

वर कपाट आहे म्हणालात. टाकी मागून वर ओढून काढायची असते बहुतेकांची. पट्टी घेऊन उंची मोजा, मशीनची नाही, टाकी उचलल्यावरची.

ठाणेवाली_सुगरण
घेताना सर्व्हिस विचारा. आमचं पहिलं मशीन (नाव लिहीत नाही) सातव्या महिन्यात गळायला लागलं. फोन केला, माणूस येईल म्हणाले. तीन आठवडे कुणी आलं नाही, मग म्हणाले मशीन अंधेरीला आणून द्या. नवऱ्याने लोकलमधून नेलं, बाळ घेऊन जावं तसं मांडीवर. त्यांनी एक रबर बदललं.

दुसऱ्या वेळी गळलं तेव्हा स्टेशनजवळच्या मिक्सर दुरुस्तीवाल्याकडे नेलं. त्याने आयुष्यात असलं मशीन पाहिलं नव्हतं. उघडलं, बघितलं, म्हणाला, 'ताई, कुकरचीच रिंग आहे ही, फक्त जाड.' तेवढी रिंग मी ऑनलाइन मागवली, त्याने पन्नास रुपयांत बसवली. तेव्हापासून मी सरळ विचारते : रबराची रिंग, पंप, जाळी सुटी मिळते का? मिळत असेल तर दुकानदाराच्या बाकी गप्पा ऐकायची गरज नाही.

तारतम्य
कुकरची रिंग 😂 पण माणूस बरोबर बोलला.

मूक_वाचक
पहिलाच प्रतिसाद. दुधाचं कुणी लिहिलं नाही. फ्रिजमधलं थंडगार दूध घ्या, पातेल्यातलं तापवलेलं नको. सायीच्या दुधाला साय मधे येते. पिशवीतलं टोन्ड सोपं, फेस पटकन येतो. फुल क्रीमची चव जास्त, फेस कमी पण रेशमी. पहिली पाच-सात सेकंद वाफेचं टोक दुधाच्या पृष्ठभागाशी ठेवा, चर्र आवाज आला पाहिजे, मग आत बुडवून दूध गोल फिरवत ठेवा. भांड्याला हात लावून चटका बसला की बंद, ते ६०-६५ अंश होतं. त्यापुढे गेलं की दुधाचा गोडवा जातो. भांडं आधी अर्ध्यापेक्षा कमीच भरा. मी हे ओटा पुसत पुसत शिकलो.

दुधावरची_साय
सगळ्यांचे आभार. ठरलं असं : मशीन आत्ता घेत नाहीये. हाताचा ग्राइंडर मागवलाय ९ हजारांचा, आणि मावशींचा मोका पॉट. नवऱ्याला वाटलं मी माघार घेतेय.

खारघरचा_खडूस
शहाण्या आहात. पुढचं मशीन घेताना मला विचारा, मी कदाचित मोठं घेईन या दिवाळीला.

दुधावरची_साय
धागा वर काढतेय. साडेतीन महिने झाले.

मोका पॉटवर दोन महिने काढले. ग्राइंडर फिरवायला लागल्यावर पहिल्यांदा कळलं की त्याच बियांची चव दळणाने इतकी बदलते. जुलैत एका सकाळी कालच्याच सेटिंगवर कॉफी कडू आली, तेव्हा वाटलं बिया खराब आल्या. डबा उघडा राहिला होता. पावसात घोडबंदरच्या हवेत पापडसुद्धा तासाभरात सादळतो, बियांचं काय घेऊन बसलात. आता एकेका दिवसापुरत्या छोट्या बरण्या भरून ठेवते.

मग खडूस यांनी खरंच मोठं घेतलं आणि त्यांचं बॅम्बिनो मला दिलं, २२ हजारांत. खारघरला जाऊन आले. त्यांनी माझ्यासमोर तीन शॉट काढून दाखवले, दांड्याजवळ गळत नाही हे टिशू लावून दाखवलं, वाफ दोन मिनिटं सोडून दाखवली. मग मला काढायला लावलं. माझा पहिला अकरा सेकंदांत आला. ते काही बोलले नाहीत, फक्त ग्राइंडर पुढे सरकवला. नावाप्रमाणे नाहीत हो हे गृहस्थ. वहिनींनी थालीपीठ दिलं.

ओव्हन काढून १६ चा पॉइंट मोकळा केला. तसंही त्यात फक्त ताटं ठेवायचो. पाणी नानांच्या रेसिपीने, १२० टीडीएस. शिल्लक पैशांतून वजनकाटा घेतला, ०.१ ग्रॅमचा, बाकीचे बियांना. आता शॉट २७ सेकंदांत येतो, रोज नाही, पण आठवड्यातून पाच दिवस.

साबांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, 'त्यात साखर कुठून घालायची?' आता रोज चारला त्यांना त्यांचा कप लागतो. त्यावरून एक प्रश्न आहे. त्यांना त्यात जायफळ हवंय. दूध फेसाळायच्या आधी भांड्यातच घातलं तर चालेल का?

मूक_वाचक
अजिबात नको. वाफेच्या टोकाला केसाएवढी भोकं असतात, जायफळ दुधाबरोबर आत ओढलं जातं आणि तिथे चिकटतं. माझी वेलचीने बुजली होती, अर्धा दिवस सुई घेऊन बसलो होतो. वरून किसून घाला, फेसावर.

दुधावरची_साय
वरून किसलं. साबा म्हणतात, 'आता जरा कॉफीसारखी लागतेय.'